मोटर धीमी झाली तेव्हा

जळालेल्या मोटरचा वास जीवनलाल मिस्त्रीला आजवर कधी झोंबला नव्हता. तो वास म्हणजे काम. आमगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटर बांधायचं दुकान होतं, आणि आजूबाजूच्या निम्म्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाणी देणाऱ्या मोटरी केव्हा ना केव्हा त्याच्या टेबलावर उताण्या पडून गेलेल्या होत्या. मोटर उघडली की आतल्या कॉइल बघूनच तो सांगायचा, हिला कोणी मारलं. काही कॉइल काळ्या आणि काही तशाच गोऱ्या, तर एक फेज गेला होता. एकाच जागी तांबं वितळून त्याचा थेंब झालेला, तर शॉर्ट. आणि सगळ्याच्या सगळ्या सारख्या काळ्या, तर बिचारी दिवसेंदिवस ताकदीबाहेर राबली आणि तिला कोणी थांबवलं नाही. हे सांगताना तो चष्मा कपाळावर सरकवायचा आणि गिऱ्हाइकाकडे असा बघायचा, की गिऱ्हाइकाला चोरी पकडल्यासारखं व्हावं.

त्या सकाळी त्यानं हरदीटोल्याची मोटर उघडली आणि चष्मा होता तिथेच राहिला. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या होत्या. कोणाकडे बघायचं हा प्रश्नच नव्हता, कारण दुकानात तो एकटा होता, आणि ही मोटर त्यानंच मारली होती.

बरं, एवढंच असतं तरी निभावलं असतं. मिस्त्रीच्या हातून मोटर जळणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण या मोटरपायी हरदीटोल्यात काल एका बाईच्या कमरेची किल्ली काढून घेतली होती, आणि ती काढून घेत असताना जीवनलाल मिस्त्री चार हातांवर उकिडवा बसून नटबोल्ट सोडवत होता. मान खाली घालून.

गोष्ट अशी. हरदीटोल्यात बायकांच्या गटानं धानाची गिरणी टाकली होती. धानाचं टरफल काढणारा एक हालर, त्याला पट्ट्यानं जोडलेली दहा एचपीची मोटर आणि भिंतीवर एक स्टार्टर, एवढाच पसारा. गटाची अध्यक्ष कुंदाबाई कापगते, आवाजानं आणि अंगानं दणदणीत बाई. आणि गिरणी चालवायची दुलारी बिसेन. गिरणीत बायका पाखडतात, कोंडा भरतात, झाडतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण बटण दाबणारा हात बाईचा, हे त्या भागात नवीन होतं. सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. दुलारीचा नवरा हैदराबादेकडे बांधकामावर होता, घरी सासू आणि दोन मुली. आजवर ती कुणाची सून नाही तर कुणाची आई होती. वर्षभरात गाव तिला ‘गिरणीवाली’ म्हणायला लागलं, आणि ही हाक ऐकली की ती जरा ताठ चालायची. लपवायची नाही.

काम मात्र ती कानानं करायची. हालरच्या वरच्या डब्यातून धान किती पडू द्यायचं त्यासाठी एक लोखंडी पट्टी असते. दुलारीचा एक हात त्या पट्टीवर आणि कान मोटरकडे. आवाज जड झाला की ती पट्टी बोटभर आत ढकलायची; मोकळा झाला की बोटभर बाहेर. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

दिवाळीनंतर हरदीटोल्याची मंडई, म्हणजे गावजत्रा, असते. घरोघर पाहुणे येतात, रात्री दंडारीच्या नाटकाचा खेळ असतो, आणि पाहुण्यांच्या ताटात नव्या धानाचाच भात हवा असा सगळ्यांचा हट्ट. लवकर पिकणारं हलकं धान नुकतंच निघालेलं असतं, तेव्हा गिरणीपुढे पोत्यांची रांग लागते. यंदा ती रांग रस्त्यापर्यंत गेली. कुंदाबाईनं जीवनलालला बोलावलं आणि म्हणाली, “मिस्त्रीभाऊ, हालर जरा तेज करून द्या ना. लोकं बोंबलून राहिले.”

जीवनलालनं मोटरवरची सहा इंची पुली काढून आठ इंची टाकली. मोटरवरची पुली मोठी झाली की पट्टा जास्त पळतो आणि हालर जास्त फिरतो, हे पोरालाही समजतं. तांदळाची धार दीडपट जाड झाली. रांगेत टाळ्या पडल्या. कुणीतरी फराळाची ताटली आणून दिली, चहा आला, आणि जीवनलाल करंजी खात खात कौतुक ऐकत बसला. हालर जास्त फिरवायला मोटरलाही जास्त जोर लागणार, तो तिला झेपतो का, हे बघायचं यंत्र त्याच्या पिशवीतच होतं. वायरीभोवती चिमटा लावायचा की किती अँपिअर जातात ते आकड्यात दिसतं. त्यानं ते बाहेर काढलं नाही. टाळ्या पडत असताना मोजमाप करावंसं कोणाला वाटतं!

दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर पडायला लागला. दहा मिनिटं मोटर चालायची आणि टक्! बंद. स्टार्टरमध्ये रिले नावाचा एक छोटा डबा असतो. फ्यूज असतो तो शॉर्टसाठी, एका झटक्यात उडतो. रिलेचं काम वेगळं. मोटर तिच्या पाटीवर लिहिलंय त्याहून जास्त करंट खूप वेळ खात राहिली, तर तिला जळायच्या आधी बंद करणं. या मोटरच्या पाटीवर चौदा अँपिअर लिहिले होते आणि रिलेचा स्क्रू चौदावर लावलेला होता. तो आपलं काम चोख करत होता.

जीवनलाल आला तेव्हा दारात तीसेक माणसं पोती घेऊन ताटकळत होती. दुलारी त्याच्याजवळ आली.

“काकाजी, रिले खराब नाही वाटत मले. पुली बदलवली तवापासून धान पडला का मोटरचा आवाज बसते. धीमी होऊन राहिली ते. मंग थोड्या वेळानं स्टार्टर पडते. धीमी होते तवाच जास्त करंट घेत असल ना?”

तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मोटरवर ओझं आलं की ती वेगात मागे पडते, आणि जितकी मागे पडते तितका जास्त करंट ओढून ओझं रेटायला बघते. पार अडकून उभीच राहिली तर पाच-सहा पट ओढते आणि मिनिटाच्या आत राख होते. जीवनलालला हे चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं, आणि स्वतःच्या हाताखालच्या कितीजणांना त्यानं ते शिकवलं होतं. पण ‘हो’ म्हणायचं म्हणजे काल टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर म्हणायचं, की माझी पुली चुकली. आणि ही चूक दाखवली कोणी? कोण्या कंपनीच्या इंजिनियरनं नाही, दुलारीनं.

तो रांगेकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, “सांगा बरं, धीमी गाडी पेट्रोल जास्त खाते का कमी?”

“कमी!” रांगेतून दोन-चार आवाज आले.

“मंग? धीमी मोटर करंट कमीच खाईल ना, बाई! जास्त कुठून आणल?”

रांग हसली. “दुलारी इंजिनियर झाली रे!” असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा आणखी हसली. दुलारीनं कोंड्यानं माखलेले हात पदराला पुसले.

जीवनलालनं लोकांकडे पाठ करून स्टार्टरचं झाकण उघडलं आणि रिलेचा स्क्रू चौदावरून थेट वीसवर नेला, जिथे तो संपतो तिथपर्यंत. झाकण लावलं. “कोंड्याची धूळ बसली होती, साफ केली. आता नाही पडणार,” असं सांगून तो निघून गेला. त्यानं काय केलं ते फक्त बाजूला उभ्या असलेल्या दुलारीनं पाहिलं होतं.

आणि खरंच, त्यानंतर स्टार्टर पडला नाही. पाडणारा कोणी उरलाच नव्हता. दुलारी आपल्या परीनं पट्टी आत ढकलायची, तर लोक ओरडायचे, मिस्त्रीनं मशीन तेज करून देली, अन् ही कायले धीमी करून राहिली! बारा दिवस मोटर तशी राबली. तेराव्या दिवशी, मंडईला तीन दिवस असताना, तिच्यातून धूर निघाला.

जीवनलाल मोटर काढायला गेला तेव्हा गिरणीच्या अंगणात गाव जमलं होतं. पाहुणे येणार आणि घरात तांदूळ नाही, म्हणजे लोक कसे बोलत असतील ते सांगायला नको. कुंदाबाईचा भाचा हिमांशू, पंचविशीतला तगडा जवान, देवरीकडे ट्रॅक्टर चालवून नुकताच परत आलेला. त्यानं स्टार्टरचं झाकण उघडून आत बोट घातलं आणि ओरडला, “आत्याबाई, हा रिले तं वीसवर हाय! मोटर चौदाची अन् रिले वीसवर! कोणं फिरवला?”

गिरणीची किल्ली एकटीकडेच होती. सगळे दुलारीकडे बघायला लागले.

“मी नाही फिरवली,” दुलारी म्हणाली. “मोटर धीमी होत होती, मी तं आधीच सांगतली होती.”

“धीमी होत होती म्हणून जळली म्हणते!” त्या दिवशी रांगेत असलेला एक जुना गडी बोलला. “मिस्त्रीनं आमच्यासमोर सांगतला होता, धीमी मोटर करंट कमी खाते. खोटी कायले बोलतेस वं?”

कुंदाबाई वळली. “मिस्त्रीभाऊ, तुमीच सांगा. काय झाला असल?”

रिले कोणी फिरवला ते दुलारीनं पाहिलं होतं, पण तिचं कोण ऐकणार होतं? तिनं जीवनलालकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मागून येणाऱ्या माणसासाठी आपण दार धरून उभे राहतो ना, तशी ती बघत होती. तो येईल, बोलेल, मग दार सोडू.

जीवनलालनं पान्ह्यावर जोर दिला. “मोटर खोलल्याबिगर काय सांगू?” तो नटकडे बघत म्हणाला.

झालं. कुंदाबाईनं हात पुढे केला. दुलारीनं कमरेला खोचलेली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, आणि ती हिमांशूकडे गेली. दुलारी निघून जाताना कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट होतं. बाया बाजूला सरकून तिला वाट करून देत होत्या.

आता मोटर खोलून झाली होती आणि काय सांगायचं ते टेबलावर काळं होऊन पडलं होतं. जीवनलालनं जुनं तांबं कापून काढलं, खाचा साफ केल्या, नव्या कॉइल गुंडाळायला घेतल्या. शंभर वेळा केलेलं काम, तरी मोजणी तीनदा चुकली. बायकोनं डबा पाठवला होता तो तसाच राहिला. त्याला स्वतःची किळस येत होती, आणि गंमत अशी की त्या किळसेतही तो वाटा शोधत होता. गावात न जाता मोटर कुणाच्या हाती पाठवून द्यावी. किंवा कुंदाबाईला फोनवर हळूच सांगावं, चारचौघांत कायले? किंवा मंडई होऊन जाऊ द्यावी, मग सवडीनं. चाळीस वर्षं लोकांच्या मोटरींचे गुन्हे शोधणारा माणूस स्वतःसाठी पळवाटा शोधायला बसला की त्याही तितक्याच हुशारीनं शोधतो. शेवटी कॉइलवरचं वार्निश वाळलं, फोन काही त्यानं केला नाही, आणि मोटर ऑटोत घालून तो स्वतःच निघाला. बोलायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. रस्ताभर तो वाक्य जुळवत होता.

मंडईच्या आदल्या दिवसाची दुपार. रांग पुन्हा रस्त्यापर्यंत. त्या रांगेत, मधोमध, डोक्यावरची टोपली खाली ठेवून दुलारी उभी होती. तिच्याही घरी पाहुणे येणार होते, तिलाही तांदूळ हवा होता. गिरणीच्या दारात हिमांशू किल्ली बोटावर फिरवत होता.

जीवनलालनं मोटर बसवली, जुनी सहा इंची पुली लावली आणि रिले चौदावर आणला. मग सगळ्यांना दाराशी बोलावलं, वायरीला चिमटा लावला आणि मोटर सुरू केली. रिकामी मोटर सहा अँपिअर दाखवत होती. धान सोडल्यावर तेरा. “आता आवाज ऐका,” तो म्हणाला आणि पट्टी पार बाहेर ओढली. आवाज बसला. मोटर धीमी झाली, आणि आकडा चढला. सोळा, अठरा, एकोणीस. बाया आकड्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं टक् झालं आणि मोटर थांबली.

“पाहिलं? धीमी झाली का करंट वाढते,” जीवनलाल म्हणाला. “दुलारी तेच सांगत होती. पुली मी मोठी टाकली होती. रिलेही मीच फिरवला होता, वीसवर. धूळगीळ काही नव्हती. तिचा काही कसूर नाही. चूक माझी झाली.”

त्याला वाटलं, आता शिव्या पडतील. पडायलाच हव्यात.

कुंदाबाई हसली. “हात्तिच्या! एवढाच ना? बापा, मी म्हणलं काय झाला! चाळीस वर्षांचा मिस्त्री, होते एखादी चूक माणसाच्या हातून. तुमी कबूल तरी केली. दुसरा असता तं नाव नसता घेतला.”

“मोठा मन हाय मिस्त्रीचा,” परवाचा तो जुना गडी म्हणाला. खुर्ची आली. चहा आला. कुंदाबाईनं रांगेकडे वळून तेवढ्याच सहजपणे सांगितलं, “दुलारी, तूही मनावर नोको घेऊ वं. आता हिमांशू शिकून राहिला हाय, त्याले कसा काढू? मंडई होऊ दे, मंग पाहू. तोवर पाखडायले येत जा.”

आणि जीवनलालला, लाज वाटते सांगायला, पण खरं तेच, हायसं वाटलं. त्यानं चहाचा घोट घेतला. तो गोड लागला. वाक्य जुळवताना त्याला जितकी भीती वाटली होती त्याच्या पावपटही काही झालं नव्हतं. उलट दोन माणसं कौतुकानं बघत होती. दुसरा घोट घेताना मात्र त्याच्या मनात आलं, की दुलारीला त्या दिवशी कोणी चहा विचारला नव्हता, आणि तिनं तर काही केलंही नव्हतं.

दुलारी रांग सोडून पुढे आली.

“काकाजी, एक विचारू?”

“विचार.”

“मी बोलली तवा, धीमी मोटर कमी खाते म्हणून तुमी सांगतलं. तुमाले मालूम नव्हता, का मालूम होता?”

“अव, चूक झाली म्हणून राहिले ना ते,” कुंदाबाई मध्येच म्हणाली. “आता कायले उकरतेस?”

“मालूम नसल तं चूक झाली,” दुलारी म्हणाली. “तेवढाच सांगू द्या त्याईले. मंग मी पाखडते.”

जीवनलालनं तिच्याकडे बघितलं. ‘नव्हता’. एक शब्द. म्हातारा झालो, विसरलो, असं म्हटलं की खुर्ची, चहा, मोठं मन, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आणि दुलारी जाऊन पाखडायला बसली असती. तिला उत्तर आधीपासूनच माहीत होतं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला ते गावाला ऐकवायचं होतं.

“मालूम होता,” तो म्हणाला. मग रांगेच्या टोकाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला. “मालूम होता. तू बोलली तवाच मालूम होता. तू बराबर होती म्हणूनच मी तसा बोललो. अन् किल्ली घेतली त्या दिवशीही मले मालूम होता.”

या वेळी कोणी हसलं नाही आणि ‘होते एखादी चूक’ असंही कोणी म्हणालं नाही. चहा आणणाऱ्या बाईनं त्याच्या हातातला अर्धा ग्लास काढून घेतला. जुना गडी पोत्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. त्या दिवशी हसलेल्यांमध्ये तोही होता. कुंदाबाई खाली जमिनीकडे बघत राहिली.

दुलारीनं हिमांशूपुढे हात केला. त्यानं आत्याकडे पाहिलं, आत्यानं वर पाहिलं नाही, तेव्हा त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. ती आत गेली, स्टार्टरचं बटण दाबलं, एक हात पट्टीवर ठेवला आणि मोटरकडे कान दिला. तांदळाची धार सुरू झाली. धार बारीक होती, पण ती तुटत नव्हती. बाहेर पहिलं पोतं उचललं गेलं.

जीवनलाल दारातच उभा होता. बस म्हणावं की जा म्हणावं, कोणाला सुचत नव्हतं. आपण आणखी काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटत होतं, निदान तिचं नाव घेऊन एकदा माफी मागावी. त्यानं तोंड उघडलं.

“काकाजी,” दुलारी आतून म्हणाली, पट्टीवरची नजर न काढता. “दारातून सरका. उजेड अडून राहिला.”

तो बाजूला झाला.